हवाच तर आहे! बल्करचं झाकण उडालं त्याचं पूर्ण प्रकरण

आमच्या ट्रान्सपोर्टकडे १४ बल्कर आहेत, यार्ड नाशिकच्या आडगावला, गाड्यांचं मेंटेनन्स मी बघतो, जॉब कार्डवर सही माझी असते. बल्कर म्हणजे तो खाली कोन असलेला फुगीर टँकर, सिमेंट नाहीतर राख नेणारा. आमच्या बहुतेक गाड्या एकलहऱ्याची राख उचलतात, तिथल्या वीज केंद्रात २१० मेगावॅटचे ३ संच आहेत, कोळसा जळला की राख आलीच, आणि ती आरएमसीवाल्यांना म्हणजे तयार काँक्रीट बनवणाऱ्यांना, आणि ब्लॉकवाल्यांना लागते. गॅसच्या टँकरला लोक लांबून रस्ता देतात, मनमाड-पानेवाडीकडची कॅप्सूल दिसली की बाईकवाला पण दोन हात लांबून जातो. बल्करला कोणी घाबरत नाही. आत काय, राख आणि हवा. "हवाच तर आहे" हे मी इतक्या वेळा ऐकलंय आणि स्वतः पण म्हणलोय, की या प्रकरणाला दुसरं नाव सुचलंच नाही.

तर झालं ते १३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी. गाडी ११ तारखेलाच भरली होती, पण ओझरच्या पुढं हायवेपासून आत एक आरएमसी प्लांट आहे त्यांचा सायलो, म्हणजे राख साठवायची उंच टाकी, फुल होता, म्हणून दोन रात्री गाडी गेटबाहेर उभी. ड्रायव्हर येवल्याचा, सगळे त्याला मामा म्हणतात, बल्करवर १९ वर्षं काढलेला आणि आमच्याकडचा सगळ्यात शांत माणूस. आता येवल्याच्या माणसाला संक्रांतीला गाडीवर बसवून ठेवणं म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तिथं सगळं गाव गच्चीवर असतं. मामाची पोरं सकाळपासून फोन करत होती, पतंगाच्या मांज्याची आसारी काढून ठेवलीय, तुम्ही कधी येताय. गाडी खाली झाली की यार्डात लावून मामा निघणार होता.

राख भरताना गरम असते. बाहेर जानेवारीची थंडी, तीही निफाड पट्ट्यातली, त्यामुळे रात्री टाकीच्या पत्र्याला आतून दव धरतं आणि कडेची राख चिकट होते, शिवाय दोन दिवस गाडी हलली नाही तर राखेत मिसळलेली हवा निघून जाते आणि ती दाबून बसते. आमच्यात म्हणतात माल बसला. ताजी राख पाण्यासारखी वाहते, बसलेली राख काढताना जीव जातो.

ज्यांनी बल्कर खाली होताना बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वरची झाकणं बंद करायची, कंप्रेसर चालू करायचा, हवा एका पाईपनं टाकीच्या तळाला जाते, तिथं एअर पॅड असतात त्यातून ती राखेत घुसते आणि राख हलकी होते. टाकीत दीड ते दोन किलो प्रेशर झालं की खालचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह उघडायचा, मग हवाच राखेला ढकलत चार इंची होजमधून वर सायलोत नेते. कंप्रेसर आणि टाकीच्या मध्ये एक एनआरव्ही असतो, म्हणजे हवा जाऊ शकते पण परत येऊ शकत नाही, नाहीतर राख उलटी येऊन कंप्रेसरची वाट लावेल. आणि टाकीवर एक ब्लोडाऊन असतो, काम झालं की उरलेली हवा बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह. एवढंच आहे. या एनआरव्हीकडं लक्ष ठेवा.

आता प्लांटच्या बाजूला तात्यांची द्राक्षबाग. जानेवारीत मण्यांत पाणी उतरायला लागतं, माल एक्सपोर्टला जायचा, आणि ब्लोडाऊन उघडला की राखेचा ढग सरळ बागेवर. घडावर राख बसली तर एक्सपोर्टवाला माल बघत पण नाही. डिसेंबरमध्ये तात्या गेटवर येऊन उभे राहिले, एक पण गाडी आत जाऊ देणार नाही म्हणले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. प्लांटच्या मॅनेजरनं मग तोंडी हुकूम काढला की इथं कोणी ब्लोडाऊन उघडायचा नाही, सगळी हवा होजमधूनच सायलोत सोडायची, सायलोवर बॅग फिल्टर आहे, तिथून हवा गाळून बाहेर पडते. (शेवटची हवा अशी एकदम ढकलली तर सायलोवर पण प्रेशर येतं आणि त्याच्या टॉपची वाट लागू शकते, पण तो वेगळा विषय आहे, परत कधीतरी.) हुकूम कागदावर नव्हता, मला कुणी कळवलं नाही, ड्रायव्हर लोकांनी पण सांगितलं नाही कारण त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. महिनाभर सगळ्या गाड्या तशाच खाली झाल्या आणि काही झालं नाही. म्हणजे टाकीतून हवा बाहेर जायला दोन रस्ते होते त्यातला एक आम्ही सगळ्यांनी मिळून बंद केला, आणि दुसरा रस्ता म्हणजे तोच होज जो चोकअप होतो.

दुपारी तीनच्या आसपास बहुतेक माल उतरला होता, मागच्या कोनात दोन-तीन टन राख अडकली असेल. होज थडथडायचा थांबला. मामानं होजवर हातोडी मारून बघितली, वरच्या बेंडपाशी आवाज बद्द येत होता, म्हणजे तिथं राख ठासलेली. प्लांटचा ऑपरेटर खालून ओरडतोय मामा मागं दोन गाड्या उभ्या आहेत, आटपा. मामानं कंप्रेसर बंद केला, डिस्चार्ज व्हॉल्व्ह उघडाच ठेवला, म्हणजे त्याच्या हिशोबानं हवा होजमधून निघून जातेय, आणि दोन मिनिटांनी प्रेशर गेजचा काटा बघितला. शून्य. क्लीनर पोरगा, २२ वर्षांचा, त्यानं विचारलं, "मामा, हवा गेली ना पूर्ण?" मामा म्हणाला, "काटा बघ की, शून्यावर आलाय." पोरानं पण बघितला. दोघांनी बघितला आणि दोघांनी बरोबरच वाचला, काटा खरंच शून्यावर होता.

मामाला वरून मॅनहोल उघडून बांबूनं राख ढोसायची होती. मागचं झाकण, त्याला सहा विंग नट. पहिले चार हातोडीनं ठोकून सैल केले. पाचवा ठोकताना कडेनं फुस्स आवाज आला, मामानं मला नंतर सांगितलं की त्याला वाटलं शेवटची राहिलेली हवा असेल, निघून जाईल, म्हणून त्यानं अजून एक फटका मारला. नट फिरला आणि झाकण उघडलं म्हणजे उघडलं नाही, उडालं. सहावा नट गंजून जाम होता, तो आणि बिजागरी यांनी झाकण धरून ठेवलं, ते पूर्ण सुटलं नाही, तिरकं होऊन एका बाजूनं उसळलं. मामा झाकणावर वाकलेला नव्हता, गुडघ्यावर बसून बाजूनं मारत होता, म्हणून डोकं वाचलं. झाकणाची कड उजव्या हाताला चाटून गेली आणि हवेच्या झोतानं तो बाजूला फेकला गेला. वरचं रेलिंग घडीचं होतं ते उभं केलेलं नव्हतं, मामा साडेतीन मीटरवरून खाली आला. मनगट मोडलं, गळपट्टीचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना क्रॅक. क्लीनर शिडीवर होता, त्याच्या डोळ्यात-नाकात राखच राख.

पुढची दहा मिनिटं कोणालाच काही दिसत नव्हतं. पोराच्या बाबतीत प्लांटच्या एका हेल्परनं बरोबर केलं, त्याला ओढत नळाखाली नेला आणि डोळे उघडे धरून पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडत राहिला, चोळू दिलं नाही. राख अल्कली असते आणि खरखरीत पण, चोळली तर बुबुळावर ओरखडे पडतात. पोराचे डोळे वाचले ते त्या हेल्परमुळं. मामाच्या बाबतीत मात्र घाई केली, चौघांनी हातापायाला धरून उचलला आणि पिकअपमध्ये टाकला. इतक्या उंचीवरून पडलेला माणूस असा उचलायचा नसतो, मणक्याला लागलं असतं तर उचलण्यानंच काम झालं असतं, १०८ ला फोन करून मान-पाठ न हलवता थांबायला पाहिजे होतं. पण मी हे यार्डात बसून लिहितोय, तिथं ढगात उभं राहिलेल्या माणसाला काय सुचणार.

मी पोचलो तोवर सव्वाचार झाले होते. पोचलो तेव्हा अजून एक प्रकार चालू होता. प्लांटवाल्यांना मागच्या गाड्या लावायच्या होत्या म्हणून त्यांचा एक माणूस होजची कॅमलॉक कपलिंग उघडायला बसला होता, तोंड अगदी कपलिंगच्या समोर. मी ओरडलो. टाकीचं झाकण उडालं म्हणजे टाकी मोकळी झाली, पण होज वर राखेनं बंद होता आणि गोंधळात कुणीतरी खालचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह फिरवून बंद केला होता, मध्ये होजमध्ये हवा तशीच कोंडलेली. कॅमलॉकचे कान उचलले की कपलिंग सुटतं आणि होज सापासारखा उसळतो. त्याला बाजूला घेतलं, आधी व्हॉल्व्ह परत हळूच उघडून होजची हवा टाकीत घेतली, मग लांबून एक कान थोडा उचलला, आवाज बंद होईपर्यंत थांबलो, मग दुसरा. एक प्रकार होऊन तास झाला होता आणि दुसरा व्हायच्या बेतात होता, त्याच जागी आणि त्याच समजुतीनं, की आता काय राहिलंय आत.

आता हिशोब. मॅनहोलचं झाकण आमच्या गाडीला ४५ सेंटीमीटर व्यासाचं आहे. क्षेत्रफळ काढलं तर साधारण १५९० चौरस सेंटीमीटर. एक किलो प्रेशर म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एक किलो, म्हणजे झाकणाला खालून १५९० किलो ढकलतायत, दीड टनाच्या वर. बरं एक किलो सोडा, ०.३ किलो धरा, तरी ४७७ किलो होतात. अगदी ०.१ धरा, तरी १५९ किलो, दोन धडधाकट माणसं खालून लाथ मारतायत असं समजा. आणि आमच्या गाडीवरचा गेज ० ते ७ किलोचा, त्यावर सगळ्यात बारीक रेघ ०.२ ची. म्हणजे ०.१ वर काटा शून्याच्या रेघेला चिकटल्यासारखाच दिसणार, गेज नवाकोरा आणि बरोबर असला तरी. त्या दिवशी टाकीत नक्की किती होतं ते कोणी सांगू शकत नाही, पण माणूस फेकायला फार लागत नाही हे या आकड्यांवरून कळतं.

दुसरी गोष्ट जी ड्रायव्हर लोकांना सांगितली तर पटत नाही. खाली झालेली गाडी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची. लोकांना वाटतं माल गेला म्हणजे जोर गेला, पण टाकीत राख असते तेव्हा हवेला जागाच कमी, राख गेली की ती सगळी जागा हवा घेते, म्हणजे त्याच प्रेशरला कितीतरी पट जास्त हवा कोंडलेली असते. कमी हवा असेल तर झाकण उचकटल्याबरोबर प्रेशर पडतं, आणि भरपूर हवा असेल तर झाकण उघडल्यावर पण ती ढकलतच राहते.

मला मात्र काट्याचं कोडं सुटत नव्हतं. कारण ०.१-०.२ ची गोष्ट असती तर मामा इतका लांब फेकला गेला नसता असं मला वाटत होतं. १६ तारखेला गाडी यार्डात आणली, झाकण-बिजागरी बदलली, होज साफ केला, आणि शेठ, दोन ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांच्यासमोर टाकीत अर्धा किलो हवा भरली. वर कोणी नाही, सगळे बाजूला. मग डिस्चार्ज बंद ठेवून कंप्रेसर बंद केला. काटा अर्ध्यावरून सुटला आणि बघता बघता शून्यावर. सगळे म्हणाले गळती आहे. मग मी ब्लोडाऊनची चाकी जरा फिरवली आणि हवा अशी सुटली की पलीकडच्या शेडमधला कुत्रा पळाला. काटा शून्यावर, आणि हवा सुटतेच आहे.

गेज एनआरव्हीच्या अलीकडं बसवलेला होता. कंप्रेसरच्या बाजूला. कंप्रेसर चालू असताना लाईनमध्ये आणि टाकीत जवळपास सारखंच प्रेशर, त्यामुळे गेज बरोबर दाखवतो, रोज दाखवायचा. कंप्रेसर बंद झाला की अलीकडची लाईन अनलोड होते म्हणजे तिच्यातली हवा निघून जाते, गेज शून्य, आणि पलीकडं टाकीत एनआरव्हीनं हवा कोंडून धरलेली. तो गेज टाकीचा नव्हताच, पाईपचा होता.

आणि तो तिथं कसा गेला? जुनी जॉब कार्डं काढली. दोन वर्षांपूर्वी त्या गाडीचा गेज सारखा अडकायचा, कारण टाकीच्या बाजूला बारीक छिद्रात राख ठासते, मेकॅनिक दर महिन्याला साफ करून वैतागला होता. त्यानं गेज स्वच्छ हवेच्या बाजूला हलवला, प्रॉब्लेम कायमचा मिटला. कार्डावर लिहिलंय "गेज शिफ्ट केला, ओके", खाली माझी सही. मला ती सही केल्याचं आठवत पण नाही. मेकॅनिकवर ओरडायला मी गेलो होतो, तसाच परत फिरलो, कारण त्यानं लपवलं काहीच नव्हतं, लिहून दिलं होतं आणि मी न वाचता सही केली होती. मग १४ च्या १४ गाड्या बघितल्या. अजून तीन गाड्यांचा गेज तसाच हलवलेला निघाला, तिन्ही कार्डांवर सही माझीच.

शेठचं पहिलं म्हणणं होतं की ड्रायव्हरनं फुस्स आवाज आल्यावर थांबायला पाहिजे होतं. बरोबरच आहे, आवाज आला की हात काढून मागं सरायचं, खाली उतरायचं आणि व्हॉल्व्हनं हवा सोडायची, नट हातानं सुटत नाही आणि हातोडी लागतेय म्हणजे खालून कोणीतरी ढकलतंय असंच समजायचं. पण मामाचं १९ वर्षांत पहिल्यांदा चुकलं आणि माझं दोन वर्षं रोज चुकत होतं, त्यामुळे मी तो मुद्दा रिपोर्टमध्ये पहिला लिहू दिला नाही. कारखाने अधिनियम १९४८ (तो २०२५ पर्यंत लागू होता) त्याचं कलम ३१ पण हेच म्हणायचं, प्रेशरवर चालणारं जे काही आहे त्याचं सुरक्षित प्रेशर ओलांडलं जाणार नाही याची सोय करायची, आणि ती सोय करायची जबाबदारी झाकणावर चढणाऱ्या माणसाची धरत नाहीत. मामाच्या भरपाईसाठी शेठनं आधी कुरकुर केली, मग कर्मचाऱ्याला भरपाई द्यायचा कायदा १९२३ पासून आहे, नवीन नाही, हे वकिलानं समजावलं तेव्हा कागद हलले.

बदललं काय ते सांगतो. चारही गाड्यांचे गेज परत टाकीवर आणले, मध्ये डायफ्राम सील टाकलं म्हणजे राख गेजपर्यंत जात नाही, आणि गेज ० ते २.५ किलोचा घेतला, त्यावर बारीक प्रेशर पण दिसतं. तरी पण नियम असा केला की काटा हा पुरावा नाही. पुरावा म्हणजे उघडा ब्लोडाऊन, आणि माणूस वर आहे तोवर तो उघडाच राहील, कंप्रेसरची चावी वर चढणाऱ्याच्या खिशात. झाकण उघडताना बिजागरीच्या बाजूला उभं राहायचं, समोरचे नट आधी थोडेच सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत, नट धरून ठेवत असतानाच झाकण हललं तर हलू द्यायचं. रेलिंग उभं केल्याशिवाय चढायचं नाही, आणि आत उतरायचा तर विषयच नाही, कितीही माल अडकू दे. त्या दिवशी मामाचा बांबूनं काम झालं नाही तर आत उतरायचा विचार होता, हे मला क्लीनरनं नंतर हळूच सांगितलं. राखेत माणूस गळ्यापर्यंत जायला वेळ लागत नाही आणि हवा खेळती नसलेल्या टाकीत शुद्ध कधी हरपते ते कळत पण नाही.

तात्यांचा प्रश्न राहिलाच होता, कारण ब्लोडाऊन उघडला की राख परत बागेवर. त्यावर तोडगा मेकॅनिकनंच काढला. सायलोच्या बॅग फिल्टरच्या जुन्या कापडी पिशव्या प्लांटवाले फेकून देतात, त्यातली एक ब्लोडाऊनच्या पाईपला बांधायची. हवा गाळून निघते, राख पिशवीत राहते. आणि याचा एक फायदा आम्ही ठरवून केलेला नव्हता, पिशवी फुगलेली आहे तोवर टाकीत हवा आहे, पिशवी लोळली म्हणजे हवा संपली, लांबून गेटवरून पण दिसतं. फक्त एक खोड आहे, पिशवी फुगलीच नाही तर ते चांगलं लक्षण नाही, ब्लोडाऊनच राखेनं बंद असू शकतो, म्हणून पिशवी आधी फुगलेली बघायची आणि मग लोळलेली. न फुगता लोळलेली असेल तर वर चढायचं नाही, मला फोन करायचा. फेब्रुवारीत असा एक फोन आला पण, व्हॉल्व्ह खरंच ठासलेला निघाला. तात्या एकदा येऊन पिशवी बघून गेले, काही बोलले नाहीत, गाड्या पण अडवल्या नाहीत.

मामा एप्रिलच्या शेवटी कामावर आला. मनगट अजून पूर्ण वळत नाही, मी टिपरवर जा म्हणलो तर नाही म्हणाला. पहिली ट्रिप त्याच प्लांटला होती म्हणून मी पण गेलो. माल उतरला, मामानं कंप्रेसर बंद केला, चावी खिशात टाकली, ब्लोडाऊन उघडला आणि पिशवी फुगल्यावर टपरीवरून चहा मागवला. ऑपरेटर नवीन होता, त्यानं पण तेच सुरू केलं, मामा मागं गाडी उभी आहे. मामानं त्याला पण एक कटिंग दिला आणि पिशवीकडं बघत बसला. सहा मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं.